पत्रा कापण्याआधी कागद नीट करा

 

आपल्याकडचे बरेच गट आता बचतीच्या पुढे गेले आहेत. कुणी उन्हाळी कांद्याच्या चकत्या वाळवतं, कुणी नागलीचे पापड करतं, कुणी मसाला कुटून देतं. काम वाढलं की पाटी, सूप आणि साडीवरचं वाळवण पुरत नाही. मग वाळवणी यंत्राला स्टीलचे ट्रे लागतात, चाळण लागते, मांडणी लागते. या वस्तू भांड्यांच्या दुकानात आयत्या मिळत नाहीत, आपल्या मापाने पत्रा कापून घ्यावा लागतो. त्यासाठी वर्कशॉपवाल्याकडे कोटेशन मागावं लागतं.

कोटेशन हा शब्द आपल्याला बँकेमुळे ठाऊक आहे. कर्जाच्या फाईलला तीन कोटेशन लावा, असं सांगतात. मग आपण फोन करतो, “दादा, स्टीलचे चोवीस ट्रे करायचेत, कोटेशन पाठवा.” कोटेशन येतं. त्यावर एकच ओळ असते, “स्टील ट्रे, २४ नग” आणि पुढे रक्कम. कोणतं स्टील, किती जाड, कड कशी, गाडीभाडं कुणाचं, यातलं काहीच त्यावर नसतं. पुढे ट्रे येतात, महिन्याभरात त्यांवर तांबूस डाग उठतात. तक्रार करायला गेलं तर वर्कशॉपवाला म्हणतो, “ताई, तुम्ही स्टील म्हणालात, मी स्टील दिलं.” आणि कागद पाहिला तर तो खोटं बोलत नसतो.

शिवणकामात चूक झाली तर उसवता येतं. कापलेला पत्रा उसवता येत नाही. गटाचं कर्ज मात्र दर महिन्याला फेडावंच लागतं. म्हणून आजचं सगळं बोलणं एका गोष्टीभोवती आहे: भाव विचारण्याआधी आपली मागणी आपण कागदावर लिहायची आणि तोच कागद, शब्दही न बदलता, तिघांना द्यायचा.

भाव कशाचा असतो?

नाशिकच्या तांबट आळीत जुनी मोड देऊन नवा हंडा घडवून घ्यायची रीत आपल्या आज्यांना माहीत होती. त्या तीन गोष्टी विचारायच्या: वजन किती, घट किती, घडणावळ किती? पत्र्याच्या कामातही हेच तीन भाग आहेत. धातूचं वजन, कापताना वाया जाणारं कात्रण आणि मजुरी. या तिन्हींवर कर आणि वाहतूक चढते.

मजुरी कशी ठरते ते समजून घ्यायला कापणी कशी होते हे थोडं पाहू. नाशिकला सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेझरने पत्रा कापून देणारी वर्कशॉप आहेत. लेझर म्हणजे उजेडाचा अतिशय बारीक आणि तीव्र झोत. तो पत्रा वितळवतो आणि सोबत जोराने सोडलेला वायू वितळलेला धातू खाली उडवून लावतो. स्टील कापताना नायट्रोजन वायू वापरला तर कड काळी पडत नाही. ऑक्सिजन वापरला तर कड काळपट होते, ती पुन्हा साफ करावी लागते. आपल्या गावातला गॅस कटर लोखंड छान कापतो, पण स्टेनलेस स्टील त्याने नीट कापलं जात नाही. त्या स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि त्याचा चिवट थर कापणीला आड येतो.

लेझरवाला ढोबळमानाने दोन गोष्टी मोजतो: झोत एकूण किती मीटर चालला आणि किती ठिकाणी नव्याने भोक पाडून सुरुवात करावी लागली. पत्रा जितका जाड तितका वेळ जास्त, म्हणून मजुरीही जास्त.

पत्र्यालाही पन्हा असतो

आता एक उदाहरण धरू. समजा आपल्याला वाळवणी यंत्रासाठी २४ ट्रे हवेत. ट्रेचा तळ ५३० मिलिमीटर रुंद आणि ७३० मिलिमीटर लांब. चारी बाजूंनी २५ मिलिमीटर उंच भिंत. भिंतीच्या वरची कड हाताला लागू नये म्हणून १० मिलिमीटर दुमडून दाबलेली.

ब्लाउज शिवताना जशी माया आणि दुमड धरतो, तशी इथेही धरायची. एका बाजूला भिंतीचे २५ आणि दुमडीचे १०, असे ३५. दोन्ही बाजूंचे मिळून ७०. म्हणजे न वाकवलेला, सपाट तुकडा ६०० बाय ८०० मिलिमीटरचा झाला. वाकवताना पत्रा वाकाशी किंचित ताणला जातो, त्यामुळे एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. तो हिशेब वर्कशॉपवाला करतो. आपण त्याला तयार ट्रेचं माप द्यायचं आणि सपाट तुकडा ६०० बाय ८०० च्या आत बसवा असं सांगायचं.

हा आग्रह कशाला? कापडाला जसा पन्हा असतो तसा पत्र्यालाही असतो. स्टीलचा पत्रा बहुधा आठ फूट बाय चार फूट मिळतो, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. त्यावर ६०० बाय ८०० चे तुकडे मांडून पाहा. रुंदीत दोन, लांबीत तीन, म्हणजे एका पत्र्यात सहा. मधल्या कापणीलाही जागा उरते. चोवीस ट्रेला चार पत्रे झाले.

आता कुणी म्हणालं, “थोडा मोठा करू, ६०० च्या जागी ६२० करू.” ६२० चे दोन तुकडे म्हणजे १२४०, आणि पन्हा आहे १२२०. दोन बसत नाहीत. आडवा लावा की उभा, एका पत्र्यात तीनच तुकडे निघतात. चोवीस ट्रेला आठ पत्रे लागले. बोटभर माप वाढलं आणि पत्रा दुप्पट झाला.

आणखी एक गंमत बघा. “दोन फूट” हे माप ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१० मिलिमीटर. त्याचे दोन तुकडे केले की चार फुटांचा पन्हा पुरा संपतो आणि कापणीला केसभरही जागा राहत नाही. म्हणजे दोन फुटी तुकडाही एकेकच निघणार.

काही ठिकाणी २५०० बाय १२५० चा पत्राही मिळतो. म्हणून मागणीत विचारायचं: पत्रा कोणत्या मापाचा वापरणार, आणि एका पत्र्यात किती तुकडे बसतात? आपल्या यंत्राच्या आतली जागा मोजून आधी हे गणित करा. मग यंत्रच घ्यायचं असेल तर तेही त्या मापाने घेता येतं.

छिद्रांचा हिशेब

ट्रेच्या तळातून हवा खेळायला हवी म्हणून छिद्रं लागतात. आपण सहज सांगतो, “छिद्रं पाडून द्या.” या तीन शब्दांची किंमत काढू.

समजा ५ मिलिमीटरचं छिद्र, दर २० मिलिमीटरवर एक. तळाच्या मधल्या ४८० बाय ६८० मिलिमीटर जागेत रुंदीला २५ आणि लांबीला ३५, म्हणजे ८७५ छिद्रं झाली. चोवीस ट्रेंची मिळून एकवीस हजार! ट्रेची बाहेरची कड कापायला झोत साधारण २.८ मीटर चालतो. छिद्रांच्या गोलाया कापायला मात्र एका ट्रेमागे पावणेचौदा मीटर चालतो आणि प्रत्येक छिद्राला नव्याने सुरुवात वेगळी. म्हणजे मजुरीचा मोठा वाटा छिद्रांचा आहे.

यावर उपाय आहेत. पंचिंग मशीनवर ठोक्यासरशी छिद्रं पडतात, ती स्वस्त पडू शकतात. छिद्रं पाडलेला तयार पत्राही बाजारात मिळतो. तो घेतला तर कडेलाही छिद्रं येतात, म्हणून चौकट साध्या पत्र्याची आणि तळ छिद्रांच्या पत्र्याचा, असं जोडकाम करावं लागतं. यातलं काय परवडेल हे आपण घरी बसून ठरवू शकत नाही. म्हणून मागणीत लिहायचं: छिद्रं लेझरने, पंचने आणि तयार पत्र्याने, अशा तिन्ही पर्यायांचे दर वेगवेगळे द्या.

गेज नको, मिलिमीटर लिहा

पत्र्याची जाडी बाजारात गेजमध्ये बोलतात. आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, इथेच पहिला घोटाळा. दुसरा घोटाळा असा की गेजचे तक्ते एकाहून अधिक आहेत. १८ गेज म्हणजे एका तक्त्यात १.२२ मिलिमीटर आणि दुसऱ्यात १.२७. म्हणून जाडी मिलिमीटरमध्येच लिहायची: “१ मिलिमीटर”.

लांबी-रुंदीचंही तेच. सुताराकडे, वेल्डरकडे इंच आणि सूत चालतं. आठ सुतांचा एक इंच, इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. बोलताना खुशाल सूत बोला, पण कागदावर सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहा आणि वरच तसं नमूद करा. एकाच कागदावर फूट, इंच आणि मिलिमीटर मिसळले की चूक ठरलेलीच.

कोणतं स्टील?

ट्रेवर खायची वस्तू ठेवायची आहे, म्हणून “स्टील” एवढं पुरत नाही, त्याचा क्रमांक लिहावा लागतो. ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दूध, मसाले, फळं यांच्या कामाला हेच बहुतेक वापरतात. २०२ क्रमांकात महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण मीठ, लिंबू, टोमॅटो यांच्यासमोर लवकर डागाळतं. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत.

बाजारात लोहचुंबक लावून दाखवतात. “बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे अस्सल.” या परीक्षेवर विसंबू नका. चुंबक जोरात चिकटला तर ते ३०४ नाही एवढं कळतं. पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे न चिकटल्याने ३०४ सिद्ध होत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या ट्रेलाही वाकवलेल्या जागी चुंबक किंचित ओढला जातो.

खात्रीचा मार्ग कागदाचा आहे. पत्रा तयार करणारी कंपनी त्याच्या घाणीचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा, क्रमांक देते. त्याला हीट नंबर म्हणतात. त्या घाणीत कोणता धातू किती आहे याचं प्रमाणपत्र असतं. मागणीत लिहा: “मालासोबत हीट नंबर असलेलं टेस्ट सर्टिफिकेट द्यावं.” आणि बिलावरही “३०४” लिहून घ्या. बिलावर लिहायला जो कचरतो, त्याच्या मालाबद्दल आपल्याला तिथेच समजलं.

मांडणीला मात्र ३०४ ची गरज नाही. जिथे खाद्यपदार्थ टेकत नाही तिथे साधं लोखंडी अँगल, वर चांगला रंग, एवढं पुरतं. ते काम कळवणमधला वेल्डर उत्तम करतो, आणि दुरुस्तीलाही तोच हाताशी असतो. ट्रे नाशिकला आणि मांडणी गावात, अशी वाटणी केली तर पैसा वाचतो.

चित्र काढायला भिऊ नका

वर्कशॉपवाला ड्रॉइंग मागतो तेव्हा आपण गांगरतो. पण ज्या बाईने ब्लाउजचा कागदी बेत कापला आहे तिला हे अवघड नाही. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. ट्रेच्या खऱ्या मापाचा सपाट तुकडा कापा, कोपरे काढा, कडा दुमडा. तो यंत्रात सरकवून पाहा. अडतो का? काढताना हाताला पुरेशी जागा मिळते का? भरलेला ट्रे एकटीला उचलता येईल का? हा पुठ्ठा चुकला तर फुकट चुकतो.

तो जमला की कोऱ्या कागदावर तीन चित्रं काढा: वरून दिसणारं, बाजूने दिसणारं आणि कडेचं मोठं करून काढलेलं. प्रत्येक रेघेला माप लिहा. माप तळाचं आतून आहे की बाहेरून हे लिहा. कड आत दुमडायची की बाहेर हे बाणाने दाखवा. कागदाच्या कोपऱ्यात गटाचं नाव, तारीख आणि “चित्र क्रमांक १” लिहा. नंतर बदल केला तर नव्या चित्राला नवा क्रमांक द्या आणि जुनं रद्द केल्याचं तिघांनाही कळवा. लेझर मशीनला लागणारी संगणकाची फाईल या चित्रावरून वर्कशॉपमध्येच बनते, तिचे पैसे वेगळे लागतात का ते विचारा. जवळच्या आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवणारे शिक्षक असतात, त्यांना एकदा कागद दाखवला तर आणखी बरं.

मागणीपत्राचा नमुना

आता सगळं एकत्र करून पत्र लिहू. हवं तर वहीत उतरवून घ्या.

“विषय: स्टीलच्या २४ ट्रेसाठी कोटेशन मिळणेबाबत.

१. वस्तू व उपयोग: कांद्याच्या चकत्या वाळवण्याचे ट्रे. खाद्यपदार्थाशी थेट संपर्क येणार.

२. संख्या: २४. त्यातला १ ट्रे आधी नमुना म्हणून करावा, तो पसंत पडल्यावर उरलेले २३.

३. धातू: स्टेनलेस स्टील ३०४, जाडी १ मिलिमीटर. टेस्ट सर्टिफिकेट व बिलावर उल्लेख आवश्यक.

४. माप: सोबतचे चित्र क्रमांक १ प्रमाणे, सर्व मापे मिलिमीटरमध्ये. तयार मापात २ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त चालेल. सपाट तुकडा ६०० बाय ८०० च्या आत बसवावा.

५. छिद्रे: ५ मिलिमीटर व्यासाची, २० मिलिमीटर अंतरावर. लेझर, पंच व तयार छिद्रित पत्रा, तिन्हींचे दर वेगळे द्यावेत.

६. कडा: वरची कड दुमडून दाबलेली. सर्व कडा व छिद्रे घासून धार काढलेली. कोपरे आर्गन वेल्डिंगने जोडून साफ केलेले. लोखंडाला वापरलेले घासचाक या कामाला वापरू नये.

७. पत्रा कोणत्या मापाचा, किती लागणार आणि उरलेले कात्रण कोणाचे, हे लिहावे.

८. दर: पत्रा, कापणी, वाकवणे, वेल्डिंग, पॅकिंग व वाहतूक यांचे आकडे वेगवेगळे. जीएसटी किती टक्के व तो दरात धरला आहे की नाही.

९. मुदत: नमुना किती दिवसांत, पूर्ण माल किती दिवसांत.

१०. पैसे: आगाऊ किती, बाकी केव्हा. चुकीच्या मापाचा माल आल्यास बदलून देण्याची जबाबदारी कोणाची.

११. हे कोटेशन कोणत्या तारखेपर्यंत लागू राहील.”

खाली गटाचा शिक्का, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या, फोन नंबर.

यातल्या दोन कलमांचं कारण सांगते. सहाव्या कलमात घासचाकाचा उल्लेख आहे. लोखंड घासलेलं चाक स्टीलवर फिरवलं की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पुढे तेच गंजतात. आपण म्हणतो स्टील गंजलं, खरं तर गंजतं ते चिकटलेलं लोखंड. अकराव्या कलमात तारीख आहे, कारण धातूचे भाव बदलत राहतात. बँकेचं कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो. तोवर कोटेशनची मुदत संपली तर भाव नव्याने सांगितला जातो.

काही जणी विचारतील, पत्रा आपणच विकत घेऊन दिला तर? शिंप्याकडे आपलं कापड देतो तसं हेही चालतं. पण शिंप्याने आपलं कापड बिघडवलं तर काय, हे आधी ठरवतो ना? तसंच पत्रा कापताना बिघडला तर भरपाई कुणी करायची हे लिहून घ्यावं लागतं. पहिल्यांदा काम करून घेणाऱ्या गटाने पत्र्यासकट काम देणं सोपं.

तिन्ही कोटेशन एका पातळीवर आणा

कोटेशन आली की नुसता मोठा आकडा आणि छोटा आकडा पाहू नका. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, बाजारभाव नाहीत.

पहिल्याने ट्रेला १,४५० रुपये सांगितले. चोवीसचे झाले ३४,८००. खाली बारीक अक्षरात, कर वेगळा. समजा तो १८ टक्के, म्हणजे ६,२६४. गाडीभाडं १,८००. एकूण ४२,८६४ रुपये.

दुसऱ्याने ट्रेला १,७५० सांगितले, कर आणि पोहोच धरून. चोवीसचे ४२,०००. महाग वाटणारा दुसरा प्रत्यक्षात ८६४ रुपयांनी स्वस्त निघाला.

तिसऱ्याने १,२५० सांगितले, पण “२० गेज” लिहिलं आणि स्टीलचा क्रमांक लिहिलाच नाही. २० गेज म्हणजे १ मिलिमीटरपेक्षा पातळ. त्याची तुलना या दोघांशी होऊच शकत नाही. त्याला नाकारायची घाई करू नका. फोन करून म्हणा, “दादा, आमच्या कागदाप्रमाणे ३०४ आणि १ मिलिमीटर धरून पुन्हा द्या.” मग जो आकडा येईल तो खरा.

आपला गट जीएसटीत नोंदलेला नसेल तर भरलेला कर आपल्याला परत वळता करून मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. कोटेशनवर वर्कशॉपचा जीएसटी क्रमांक पाहा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सदस्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल ठेवलं होतं, तेही खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यांसाठी. अशा कोणत्याही योजनेच्या फाईलमध्ये कोटेशन आणि बिल यांचा मेळ बसला नाही तर रक्कम अडते. म्हणून कोटेशनवरचे शब्द आणि बिलावरचे शब्द एकच असावेत.

तिन्ही कोटेशन बैठकीत मोठ्याने वाचा. कुणाला काम दिलं आणि का दिलं, हे इतिवृत्तात लिहा. सर्वात कमी दर असलेल्याला दिलं नसेल तर कारण नक्की लिहा. उद्या सदस्य बदलल्या, हिशेब तपासणी आली, तरी वही बोलेल.

माल आल्यावर वजनकाटा काढा

ट्रे आले की आधी फीत लावून पाच-सहा ट्रे मोजा, सगळ्या कडांवरून बोट हलकेच फिरवा, पुठ्ठ्याशी ताडून पाहा. मग आपला कांद्याचा वजनकाटा आणा.

हिशेब असा आहे. ३०४ स्टीलचा एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा जवळजवळ ८ किलो भरतो. आपला तुकडा ०.४८ चौरस मीटर, म्हणजे ३.८ किलो. छिद्रं आणि कोपरे वजा जाता एक ट्रे साधारण ३.६ किलो. चोवीस ट्रे मिळून ८७ किलोच्या आसपास. दोन-चार किलो इकडेतिकडे चालेल. पण काटा ७० वर थांबला तर पत्रा १ मिलिमीटरचा नाही, ०.८ चा आहे. हा हिशेब लेझरने किंवा पंचने छिद्रं पाडलेल्या ट्रेचा. तयार छिद्रित पत्र्याचं वजन त्याच्या छिद्रांप्रमाणे वेगळं येईल, ते नमुन्याच्या ट्रेवरूनच ठरवून ठेवा.

काटा जाडी सांगतो, स्टीलचा क्रमांक सांगत नाही. त्यासाठी सर्टिफिकेट. दोन्ही जुळलं की मगच बाकीचे पैसे द्या, तेही खात्यावरून.

गाडीभाड्याचीही एक युक्ती. कळवणहून नाशिकला भाजीपाला घेऊन जाणाऱ्या पिकअप येताना बऱ्याचदा रिकाम्या येतात. वाहतुकीचा आकडा वेगळा मागितलेला असेल तर अशा गाडीने माल आणणं परवडतं का, हे लगेच कळतं. आकडा एकत्र असेल तर कळणारच नाही.

मैत्रिणींनो, वर्कशॉपवाले फसवायलाच बसलेले असतात असं मुळीच नाही. त्यांनाही नेमकी मागणी आवडते. अर्धवट फोनवर भाव सांगताना ते जोखीम म्हणून चार पैसे वाढवून सांगतात, कारण नंतर ताई काय बदल सांगतील याचा त्यांना अंदाज नसतो. स्वच्छ कागद पाहिला की त्यांचाही हात मोकळा होतो. आणि पुढच्या वेळी, चाळणी असो, शेवयांचं टेबल असो की दुकानाची पाटी, तोच कागद थोडा बदलून वापरता येतो.

येत्या मासिक बैठकीत एवढं करा. तुमच्या गटाला लागणारी एक वस्तू ठरवा, तिचा पुठ्ठ्याचा नमुना करा आणि वरची अकरा कलमं त्या वस्तूला लावून पाहा. जिथे उत्तर सुचणार नाही, तिथेच पैसे अडकणार होते असं समजा, आणि ते उत्तर आधी शोधा.